आठवड्यातून एक दिवस वावरातलं काम बंद: ठराव करावा का, केला तर कसा?

पऱ्हाटी_राळेगाव

राळेगाव तालुक्यातलं लहान गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर, आणि ज्यांच्याकडे ओलीत आहे त्यांचा हरभरा-गहू. येत्या ग्रामसभेत विषय येतोय की आठवड्यातला एक दिवस गावात कोणी मजूर लावायचा नाही आणि बैल जुंपायचे नाहीत. मागणी सालगड्यांची (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांची) आणि निंदण-वेचणीला जाणाऱ्या बायांची आहे. हंगाम सुरू झाला की त्यांना सलग काम असतं, मध्ये सण किंवा पाऊस आला तरच खंड. कास्तकारांपैकी काही राजी आहेत, काहींचं म्हणणं की कारखान्याचा नियम शेतीला लावता येत नाही.

ठराव नुसता वहीत राहू नये म्हणून विचारतो. दिवस कोणता धरावा? बाजाराचा दिवस धरावा असं पुष्कळांचं मत आहे. सालातून, म्हणजे सालगड्याच्या वर्षाच्या ठरलेल्या मजुरीतून, हे दिवस कापायचे की नाही? रोजंदारीवाले आणि किलोनं वेचणाऱ्यांचं काय? पेरणी, फवारणी, सोंगणीच्या (कापणीच्या) दिवसांत काय करायचं? कोणी मोडलं तर दंड ठेवावा का? ज्यांना मजुरीचा कायदा, पिकांचं गणित किंवा जनावरांचं कळतं त्यांनी नेमकं सांगावं.

हिशेबनीस_वर्धा

आधी दंडाचं बोलू, कारण असे ठराव तिथेच फसतात. ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाची सहमती. माणसानं स्वतःच्या वावरात काम केलं म्हणून त्याच्याकडून दंड वसूल करण्याचा अधिकार त्या सहमतीतून मिळत नाही. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे ‘जो मोडेल त्याच्याकडे कोणी कामाला जायचं नाही, त्याचं दळण चक्कीवर घ्यायचं नाही’ अशी अट. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ठरावात ‘बंदी’ लिहू नका. ‘या दिवशी कोणाही मजुराला कामावर येण्याचा आग्रह करणार नाही, आणि आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशीचं काम नाकारणार नाही’ असं लिहा. मजुराला खरी भीती दुसऱ्या दिवशी काम जाण्याची असते, ती या एका वाक्यानं निघते.

आता पैसे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे. पण १८८४ च्या त्यांच्या निवेदनात सुट्टी एकटी नव्हती. दुपारी अर्धा तास विसावा मागितला होता, आणि मागच्या महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी असंही त्यातच होतं. विसावा आणि चुकाऱ्याची (मजुरी हातात देण्याची) तारीख त्यांनी एकाच अर्जात घातली, कारण ज्याच्या हातात वेळेवर पैसा नाही तो सुट्टीच्या दिवशीही काम शोधत हिंडतो. तुमच्या ठरावातही दोन्ही एकत्र असू द्या.

शेतीला हा नियम नाही, हे म्हणणं बरोबर नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेती स्पष्टपणे होती, आणि त्याच्या १३ व्या कलमात सात दिवसांत एक दिवस विश्रांती आणि त्या दिवसाचा मोबदला या दोन्हींची तरतूद होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती राहिली. अंमल झाला नाही, हा भाग वेगळा.

सालगड्याचा हिशेब असा करा. समजा साल १,२०,००० ठरलं. ३६५ नं भागलं तर दिवसाचे ३२९ रुपये. आठवड्याचे ५२ दिवस खाडा (गैरहजेरी) म्हणून कापले तर त्याचे १७,१०० च्या आसपास जातात, आणि मग सुट्टी कोणी घेणारच नाही. म्हणून पाडव्याला साल ठरवतानाच लिहून घ्या की आठवड्याचा दिवस सालातच धरलेला आहे, तो खाडा नाही. खऱ्या खाड्याची कपात ३६५ च्याच भागानं करा, ३१३ च्या नाही. ३१३ नं भागलं तर एका खाड्याला ३८३ रुपये कापले जातात, म्हणजे एका हातानं दिलेली सुट्टी दुसऱ्या हातानं परत घेतल्यासारखं होतं. चालू सालाचे करार झाले असतील तर त्यात मध्येच बदल करू नका, दोन्ही बाजूंनी वाद निघतात.

रोजंदारीला साधा भाग आहे: सात दिवसांची मजुरी सहा दिवसांत बसवायची तर रोज सात-सहांशानं वाढतो. ३०० चा ३५०. एकदम होणार नाही हे मान्य, पण ठरावात आकडा तरी तोच धरावा आणि दोन हंगामांत तिथवर पोचावं.

काळीमाती

पिकांच्या बाजूनं सांगतो. एक दिवस थांबल्यानं नुकसान होणारी कामं आपण समजतो त्यापेक्षा कमी आहेत.

पेरणी हे त्यातलं पहिलं. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाला आणि वापसा (पेरणीजोगी ओल) आला की काळ्या जमिनीत तीन-चार दिवसच मिळतात. मग पुन्हा पाऊस आला तर चिखल, ऊन पडलं तर वरचा थर वाळतो. या दिवसांत सुट्टी पुढे ढकलावीच लागेल. दुसरं सोयाबीनची सोंगणी. शेंगा पिवळ्या पडून वाळल्या की काही वाणांच्या शेंगा आठवडाभरात तडकायला लागतात आणि दाणा वावरात सांडतो. त्यातही एका दिवसानं फार बिघडत नाही. बिघडतं ते मजूर चार दिवस मिळाले नाहीत तर. पण सोंगून पडलेलं सोयाबीन आणि वर ढग, अशा वेळी गंजी घालून ताडपत्री टाकेपर्यंत थांबता येत नाही. तिसरं फुटलेला कापूस आणि पावसाचा अंदाज. भिजलेली सरकी बोंडातच उगवते, रुईला डाग पडतो, आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सरकारी खरेदीत तो माल बसत नाही.

बाकी वेचणीला एक दिवस काहीच नाही. दोन वेच्यांमध्ये पंधरा-वीस दिवसांचं अंतर असतं. उलट ज्या दिवशी मजुरांची घाई असते त्या दिवशी सकाळी दव वाळायच्या आत वेचणी सुरू होते, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आणि पालापाचोळा कापसात येतो, आणि तो तोटा मालकाच्याच खात्यात जातो. निंदण, डवरणी (बैलांनी ओळींमधली कोळपणी), खत टाकणं, तुरीचे शेंडे खुडणं, हे सगळं एक दिवस मागे-पुढे होऊ शकतं.

फवारणीचं मात्र वेगळं लिहितो, कारण तिथे आठवड्याचा एक दिवस पुरेसा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त जीव गेले. त्यानंतरही गावागावांत तीच दोन-चार पोरं पूर्ण हंगाम एका वावरातून दुसऱ्या वावरात पंप घेऊन फिरतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं औषध, म्हणजे प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस वगैरे, रक्तातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या घटकाला निकामी करतं. तो पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. सहा दिवस फवारून एक दिवस घरी बसलं तर थकवा जातो, विषाचा साठलेला परिणाम जात नाही, आणि माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. म्हणून फवारणीला दिवसाची सुट्टी नको, पाळी हवी: आज ज्यानं पंप घेतला त्यानं पुढचे काही दिवस दुसरं काम करायचं. वारा सुटला, ऊन चढलं की बंद. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) डोक्याबरोबर आली असेल तर नोझल तोंडाच्या उंचीवर येतं, तेव्हा मास्क-चष्म्याशिवाय पंप उचलूच नये. डोळ्याची बाहुली बारीक होणं, लाळ, घाम, छातीत दाटून येणं ही लक्षणं दिसली तर कपडे काढून अंग साबणानं धुवायचं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जायचं. डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय डॉक्टरला उतारा नेमका ठरवता येत नाही.

धुरा

माझा या ठरावाला विरोध आहे, आणि तो मजुरांच्याच बाजूनं आहे. शेतमजुराला वर्षभर काम नसतं. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत कोरडवाहू गावात सुट्टीच सुट्टी आहे, तीही बिनपगारी. कमाईचे चार-पाच महिने, त्यातही तुम्ही चार दिवस महिन्याचे काढून घेणार.

वेचणी किलोवर असते. दहा रुपये किलोनं चाळीस किलो वेचणाऱ्या बाईचे सात दिवसांचे २,८०० होतात, सहा दिवसांचे २,४००. ते ४०० कोण देणार? दर ११ रुपये ६७ पैसे केला तर भरून निघतं, म्हणजे क्विंटलमागे १६७ रुपये, एकरी सहा क्विंटल धरले तर हजार रुपये. हा हजार ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू आहे त्यानं कुठून आणायचा? आणि शेजारच्या गावानं दर वाढवला नाही पण सातही दिवस काम दिलं, तर सकाळी ऑटो भरून आपल्या बाया तिकडे जातील.

ज्याला ज्या दिवशी हवं त्या दिवशी त्यानं थांबावं. सालगड्याला त्याचा दिवस ठरवून द्या, मजूर टोळीला तिचा. सगळ्या गावाला एकच दिवस कशाला?

गवळाऊ_जोडी

बैलांपुरतं. वऱ्हाड-नागपूरकडे पुष्कळ घरी सोमवारी जू ठेवत नाहीत, अमावस्येला औत धरत नाहीत. म्हणजे बैलांना सुट्टीची पद्धत आधीपासून आहे, गड्याला नाही. सोमवार धरला तर बैलांचा वेगळा दिवस सांभाळावा लागणार नाही, हा एक फायदा.

डवरणीच्या दिवसांत जू भिजलेलं असतं, त्याखाली कातडी मऊ पडते आणि खांदा सोलतो. जोडीतला एक बैल उंच, एक ठेंगणा असेल तर ठेंगण्यावर जास्त दाब येतो. सूज ताजी, गरम, मऊ असेल तर थंड पाण्याचे बोळे आणि दोन-तीन दिवस जू नाही, एवढ्यानं ती बसते. त्याच खांद्यावर रोज जू पडलं तर गाठ कडक होते, मग महिनाभर बैल बसून. गाठ घरी फोडायची नाही, जनावरांच्या डॉक्टरला दाखवायची. बंडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त नाही, पाच तासांनंतर विसावा हवाच, आणि जिथे तापमान ३७ अंशांवर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही.

आणि एक विसरलं जातं. बैल बसला तरी शेण, चारा, पाणी दोन वेळा आहेच, आणि ते सालगडीच करतो. त्याच्या सुट्टीच्या दिवशी गोठा मालकाच्या घरच्यांनी बघायचा, हे ठरावात लिहिलं नाही तर त्याचा दिवस पहाटे पाचला सुरू होऊन संध्याकाळी गोठ्यातच संपतो.

बचतगट_सचिव

बाजाराचा दिवस धरू नका, ही माझी पहिली विनंती. बाजार म्हणजे बायांसाठी विसावा नाही. दुपारपर्यंत घरचं आटपायचं, ऑटोत बसून जायचं, आठवड्याचा किराणा-भाजी डोक्यावर-कमरेवर घेऊन अंधार पडता परत यायचं. शिवाय चुकारा बाजाराच्या दिवशीच मिळतो. तो घ्यायला मालकाच्या दारात जे थांबावं लागतं तेही त्याच दिवसात.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी ठेवा. घरात भाजी असते, दळण झालेलं असतं, पैसे हातात असतात. चुकारा मात्र बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्यायचा असं ठरवा, म्हणजे बाजाराच्या दिवशी अर्धा वेळ काम आणि मग थेट बाजार असं जमतं.

धुराभाऊंचा हिशेब खरा आहे, तो नाकारत नाही. पण त्यात एक रकाना राहिला. बायकांना सातव्या दिवशी वावरात ओढणारी गोष्ट म्हणजे मायक्रोफायनान्सचा हप्ता. ज्या गटांचा हप्ता आठवड्याचा आहे आणि वसुलीचा दिवस बाजाराच्या आधी येतो, त्या घरची बाई त्याच्या आदल्या दिवशी काहीही झालं तरी कामाला जाणार. वसुलीचा वार बदलून बाजाराच्या दिवसानंतरचा किंवा महिन्याचा करून घेता येतो का हे आधी विचारा. गटानं एकत्र अर्ज दिला तर वार बदलण्याची शक्यता जास्त. दर वाढवण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

आणि सुट्टीच्या दिवशी गावाचे सगळे कार्यक्रम कोंबू नका. ‘त्या दिवशी बाया मोकळ्या असतात’ म्हणून गटाची बैठक त्याच दिवशी, लसीकरण त्याच दिवशी, ग्रामसफाई त्याच दिवशी, असं सुरू झालं की दिवस गेला. घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या पोरांनी त्या दिवशी पाणी भरायचं, भांडी घासायची. हे ठरावात लिहायला लोकांना संकोच वाटेल. तरी लिहाच. नाहीतर वावर बंद आणि घर दुप्पट चालू, एवढाच फरक पडेल.

हिशेबनीस_वर्धा

@धुरा, ज्याचा त्याचा दिवस हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा आणला. चार दिवस काम, पाचवा सुट्टी, आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाचा दिवस वेगळा, म्हणजे यंत्र कधी थांबणार नाही. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, पोरांची शाळा तिसऱ्याच वेळी. घरचे एकत्र येईनात. यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी कोणाचीच राहिना. १९३१ मध्ये बहुतेक ठिकाणी सर्वांना सामायिक सुट्टी परत आणावी लागली, आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा.

गावात दुसरंही एक कारण आहे. मजुराची सुट्टी वेगवेगळी असेल तर जो थांबतो त्याची जागा न थांबणारा घेतो. मग कोणीच थांबत नाही. सगळे एकाच दिवशी थांबले तरच कोणाचं काम जात नाही. म्हणून तुम्ही म्हणता तो शेजारच्या गावाचा अडथळा खरा आहे, आणि त्यावर उपाय एकच: ज्या चार-पाच गावांमधून मजुरांचे ऑटो फिरतात त्या सगळ्यांनी एकच वार धरायचा. एकट्या गावानं केलं तर दोन महिन्यांत मोडेल.

पण पिकासाठी लवचीकता लागते हे काळीमाती यांनी बरोबर दाखवलं. त्याला तयार नमुना १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५२ व्या कलमात होता. ठरलेल्या सुट्टीला काम घ्यायचं असेल तर तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यायची, आणि काही झालं तरी पूर्ण सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम होता कामा नये. हे जसंच्या तसं उचला. पेरणीत, पावसाच्या धोक्यात दिवस सरकू शकतो, पण रद्द होत नाही.

दराबद्दल: लहान कास्तकारावर एकरी हजार एकदम टाकू नका. पहिल्या वर्षी आठवड्याआड सुट्टी ठेवा, म्हणजे पंधरवड्यात एक दिवस. चौदा दिवसांचं तेरा दिवसांत बसवायचं तर दहाचा दर १० रुपये ७७ पैसे होतो, क्विंटलला ७७ रुपये. पुढच्या हंगामात पूर्ण करा. फेब्रुवारी ते मे ठराव लागूच करू नका. तेव्हा मिळेल ते काम मिळेल त्या दिवशी करू द्या.

धुरा

फेब्रुवारी ते मे वगळलं आणि चार गावं एकत्र आली तर माझा विरोध बराच कमी होतो. पण स्वतःच्या वावरात स्वतः राबणाऱ्याला ठराव लागू नको. दोन एकरवाला मजूर लावतच नाही, नवरा-बायकोच करतात. रात्रीच्या लाइनवर हरभऱ्याला पाणी देऊन सकाळी परत आलेला माणूस कोणत्या दिवशी झोपेल ते त्याचं त्यानं ठरवावं.

पऱ्हाटी_राळेगाव

सगळ्यांचं घेऊन मसुदा असा करतोय. वार बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचा. जून ते जानेवारी लागू, पहिल्या वर्षी आठवड्याआड. मजूर लावून घेतलेल्या कामापुरताच. स्वतःच्या घरच्यांनी केलेलं काम, दूध आणि जनावरांची निगा यात येत नाही. सालगड्याचा तो दिवस खाडा नाही आणि त्या दिवशी गोठा मालकाकडे. चुकारा बाजाराच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. पेरणी, सोंगलेलं पीक उघड्यावर असताना आलेला पाऊस किंवा फुटलेल्या कापसावर पावसाचा अंदाज, एवढ्याच कारणांनी दिवस सरकवता येईल, तीन दिवसांच्या आत बदली. फवारणीवाल्यांची पाळी वेगळ्या कलमात. दंड नाही. दर हंगामापूर्वी बैठकीत ठरेल. काही राहिलं?

बचतगट_सचिव

दिवस सरकवायचा असेल तर तो मालकानं एकट्यानं ठरवायचा की कसं, ते राहिलं. आदल्या संध्याकाळी मजुरांना सांगितलं पाहिजे, आणि बदली दिवस त्याच वेळी सांगितला पाहिजे, ‘नंतर बघू’ नाही. टोळीची मुकादम बाई आणि दोन मालक, दोन मजूर अशा पाच जणांकडे ते द्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावा. आणि ‘स्वतःच्या घरच्यांनी केलेलं काम’ यात ‘सालगड्याची बायको’ येत नाही, हेही लिहा; बऱ्याच ठिकाणी सालात तिचं काम फुकट धरलं जातं.

काळीमाती

पावसाच्या अंदाजाला अंकुश ठेवा. ढग दिसले की प्रत्येक जण दिवस सरकवेल. जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा पिवळा किंवा त्यावरचा इशारा असेल तरच, असं लिहा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती नोंद फोनवर रोज मिळते आणि फळ्यावर लावता येते.

फवारणीच्या कलमात औषध कालवणाऱ्याचाही उल्लेख हवा. बहुतेक वेळा पंप एक माणूस मारतो आणि औषध कालवून पंप भरून द्यायला बाई असते. घट्ट औषधाचे शिंतोडे तिच्याच हातावर येतात. पाळी तिलाही लागू, हातमोजे तिलाही.